श्रावणबाळसाठी २१ हजाराचा दाखला आणायचा कुठून?

माणदेशी_गडी
आत्याला ६५ पूर्ण झाली, लाडकी बहीणचे १५०० यायचे ते आता वयामुळं बंद होणार म्हणून म्हणलं श्रावणबाळचा (राज्याच्या म्हातारपणीच्या पेन्शनचा) फॉर्म भरून टाकू तर सेतूवाला म्हणतो उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत पाहिजे. आतोबा वारलेत, दीड एकर कोरडवाहू आहे, पोरगा पुण्यात गाडी चालवतो, तो पैसे पाठवत नाही पण रेशनकार्डावर नाव अजून आहेच. तलाठी भाऊसाहेब पोराचा पगार धरूनच दाखला देणार म्हणतात. आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत पण नाव नाय. मिळतच नाही का मग?

सेतू_ते_तहसील
यादीत नाव नसलं तरी चालतं, त्यांच्यासाठी गट ब आहे. यादीत असले की गट अ. दोघांना हातात १५०० च (जुलै २०२३ च्या आधी हजार होते), फक्त अ वाल्यांच्यात केंद्राच्या इंदिरा गांधी पेन्शनचे २०० असतात, ८० वय झालं की ५००, वरचे राज्य घालतं. महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवासी पाहिजे ते तर आहेच. खरं तर आत्या विधवा म्हणून आधीच संजय गांधी निराधारमधून अर्ज करू शकल्या असत्या, पण तिथंही अट २१ हजाराचीच.

चहाकटिंग
२१ हजार भागिले १२ म्हणजे महिना १७५०!! रोजगार हमीवर महिन्यातले पंधरा दिवस गेली तरी म्हातारी "श्रीमंत" होते. लाडकी बहीणला अडीच लाखाची अट, मग ६४ व्या वर्षी अडीच लाखात बसणारी बाई ६५ ला एकदम २१ हजारात कशी काय येणार, तेच घर, तेच रान. म्हणून तर सगळीकडं दाखले "बसवले" जातात आणि जो खरं सांगतो तो बाहेर राहतो.

नदीकाठची_मावशी
@माणदेशी_गडी दादा, दाखला बसवायच्या नादी लागू नका, उद्या चौकशी लागली की वसुली आत्याबाईंच्या नावावर. पोरगा खरंच वेगळा राहतोय ना, मग आधी तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन त्याचं नाव कमी करून घ्या, तलाठी कार्डावरची माणसं बघूनच उत्पन्न धरतात. आणि अजून एक, पैसे आता डीबीटीनं म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात, ज्या खात्याला आधार शेवटचं लिंक केलंय तिथंच पडतात. आमच्या शेजारच्या आजी बँकेत चकरा मारून थकल्या, पैसे जात होते दुसऱ्याच खात्यात, बचत गटासाठी कधीतरी उघडलेलं. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तो चुकला की पेन्शन थांबतं.

पणजीकर
आमच्याकडे गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ६० पासूनच आहे, महिन्याला २ हजार. पण तिथेही १५ वर्षं रहिवासी लागतं, त्यामुळे आत्यांना इकडे आणून उपयोग नाही 😄

माणदेशी_गडी
मावशी, पोरगं नाव कमी करू देईना, म्हणतंय आईचं कार्ड सोडलं तर उद्या घराच्या वाटणीत अडचण येईल.

सेतू_ते_तहसील
रेशनकार्डाचा आणि वारसाहक्काचा काही संबंध नाही, सांगा त्याला. ऐकत नसेल तर तहसीलला संजय गांधी शाखा असते, तिथल्या कारकुनाकडं त्याला सोबत घेऊनच जा.