झोप लागत नाही? अनुभव आणि उपाय इथे लिहा

निशाचर: टपरीवर रात्री नऊला कटिंगची गर्दी पाहिली आणि आपला जुना 'कूस बदलू' गट आठवला. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, पेंग त्यानेच येते. कॅफीन नेमकं त्याच्याच जागा अडवून बसतं आणि निम्मं उतरायला साधारण 5 तास घेतं. 6 चा चहा 11 ला निम्मा अंगात. शेवटचा कप दुपारी 2 च्या आत. लिहा पुढे.

गोधडी: दूध जास्त घातलं तर चालेल ना?

निशाचर: दुधाने कॅफीन जात नाही हो. पत्ती किती आणि उकळली किती, त्यावर आहे.

शेवंती: चहा सोडूनही डोळा लागत नसेल तर गादी बघा. तिथेच मोबाइल, तिथेच उद्याचे हिशेब, मग गादी दिसली की मेंदू जागाच होतो. अंदाजे 20 मिनिटांत झोप नाही आली तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवा. दुसऱ्या खोलीत मंद दिवा, हातात काहीतरी रटाळ (सोसायटीचं इतिवृत्त उत्तम). पापण्या जड झाल्या की परत. पुन्हा नाही आली, पुन्हा उठा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच. चुकतात ते इथेच, नऊपर्यंत लोळून भरपाई करतात आणि पुढच्या रात्रीचं वाटोळं.

चाळकरी: वन रूम किचनमध्ये दुसरी खोली कुठून आणू?

शेवंती: ओट्यापाशी खुर्ची टाका. सोडायची आहे ती गादी.

बाराखडी: पडल्यावर पिंडऱ्यांत वळवळ, पाय हलवले की बरं, असं असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी निघतं. 75 च्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा लोह देतात. झोपेसाठी सर्दीच्या गुंगीवाल्या गोळ्या घेऊ नका, वळवळ वाढते.

निशाचर: झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने 10 मिनिटं अंघोळ. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उष्णता बाहेर पडते, शरीर आतून निवतं. अंघोळ करून लगेच आडवं झालात तर उपयोग नाही.

संत्री: मे महिन्यात नागपुरात टाकीतूनच गरम येतं 😀

गोधडी: जायफळ?

शेवंती: सहाणेवर दोन-तीन वळसे, बस. चमचाभर पूड घातली तर मळमळ आणि धडधड.

गोधडी: मग पुरणपोळीनंतरची झोप जायफळाची का?

संत्री: चार पोळ्यांची.