मदत हवी आहे : आजोबांच्या ॲल्युमिनियमच्या दांडीच्या पाइपची डागडुजी

नमस्कार मंडळी,

आमच्या आजोबांचा तंबाखू ओढायचा पाइप गेल्या महिन्यात गुहागरच्या घरातील पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू बोटींवर इंजिनखात्यात तेलवाला होते आणि साठच्या दशकात केव्हातरी त्यांनी तो इंग्लंडच्या एका खेपेत विकत घेतला, एवढेच वडिलांना ठाऊक आहे. पाइप ओढण्याचा माझा विचार नाही, त्यामुळे तंबाखूच्या दुष्परिणामांवरचे प्रतिसाद कृपया या धाग्यावर देऊ नयेत. वडिलांना तो काचेच्या कपाटात ठेवायचा आहे, मात्र त्यांची अट अशी की, वस्तू स्वच्छ दिसावी, नवीन दिसू नये. माझी अडचण नेमकी या दोहोंच्या मधली आहे.

पाइप फाल्कन कंपनीचा असून बुडाशी तसे इंग्रजी नाव आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे ठोकलेली आहेत. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन येथे केन्ली बग यांनी १९३६ मध्ये ही रचना तयार केली आणि पुढे तिचे उत्पादन इंग्लंडमध्येही होऊ लागले. ज्यांनी असा पाइप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या पाइपमध्ये तंबाखूची वाटी आणि दांडीचा पुढचा भाग लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेला असतो. इथे वाटी तेवढी ब्रायरची, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीची आहे, आणि ती आट्यांनी ॲल्युमिनियमच्या एका लहानशा बशीत फिरवून बसवलेली आहे. धूर वाटीच्या बुडातील भोकातून बशीत उतरतो, थंड धातूला लागून त्यातील ओलावा तिथेच साचतो आणि उरलेला धूर नळीतून पुढे जातो. नळीच्या अंगाला उष्णता बाहेर टाकण्यासाठी लांब पट्ट्या आहेत. तोंडात धरायची तोटी नायलॉनची आहे.

आतापर्यंत काय केले तेही लिहितो, कारण त्यातील काही गोष्टी मी करायला नको होत्या.

वाटी बशीत इतकी घट्ट बसली होती की हाताने जराही फिरत नव्हती. चुलतभावाच्या सल्ल्यावरून मी पाइप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला आणि सकाळी ती आणखीच घट्ट झाल्यासारखी वाटली. नंतर लक्षात आले की इथे धातू बाहेर आहे आणि लाकडाचे आटे आत आहेत. गारठ्याने ॲल्युमिनियम आक्रसणार आणि लाकडाला अधिकच आवळणार. मग उलट केले. वाटीच्या भोकातून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दहा-बारा थेंब सोडून पाइप तासभर तसाच उभा ठेवला, केस वाळवायच्या यंत्राने फक्त बशी हाताला सोसेल इतकी गरम केली, आणि रबरी हातमोजा घालून वाटी फिरवली. एक बारीकशी करकर ऐकू आली आणि वाटी सुटली. आत डांबरासारखे काळे कीट होते आणि साठ वर्षे बंद राहूनही त्याचा वास खोलीभर पसरला.

नळी साफ करण्यासाठी हस्तकलेच्या दुकानातील मखमली तारा आणल्या होत्या, पण त्यांचे तंतू आत सुटू लागले. अखेर समईच्या लांब वाती अल्कोहोलमध्ये भिजवून हिराच्या केरसुणीतील एका हिराने आत सारल्या. पहिल्या सहा वाती काळ्याकुट्ट निघाल्या, तेराव्या वातीचा रंग चहाइतका फिका झाला, आणि तिथे मी थांबलो.

आता चुकीबद्दल. पाइप माझ्या हाती येण्यापूर्वी आमच्या आत्यांनी मोठ्या प्रेमाने, देवाच्या पितळी उपकरण्यांना घासतात तसा, तो चिंच आणि मिठाने घासून ठेवला होता. पितळ त्याने उजळते. इथे मात्र बशीवर आधीच खाऱ्या हवेने पडलेले पांढरे ठिपके मोठे झाले आणि त्यांतील भुकटी पुसली की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागले. आत्यांना हे अद्याप सांगितलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत.

हे खड्डे पॉलिश पेपरने घासून काढावेत काय? भिंगाखाली पाहता काही खड्डे ठोकलेल्या अक्षरांइतकेच खोल दिसतात. म्हणजे खड्डे जातील तोवर अक्षरेही जातील, अशी मला भीती वाटते.

दांडी मुळात नुसतीच चकचकीत केलेली आहे की तिच्यावर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा कठीण थर आहे, हे कसे ओळखावे? मल्टिमीटरची दोन्ही टोके लावली असता चकाकणाऱ्या जागी बझर वाजतो, म्हणजे वीज वाहते, आणि करड्या पडलेल्या जागी वाजत नाही. मूळ थर असेल तर मला तो घासून घालवायचा नाही.

तोटीवर आजोबांच्या दातांच्या दोन खोलगट खुणा आहेत. जुन्या काळ्या रबरी तोट्या गरम केल्या की अशा खुणा पुष्कळशा वर येतात, असे वाचले. नायलॉनला ते लागू पडते काय? वडील म्हणतात खुणा राहू द्या, आत्या म्हणतात काढून टाका.

वाटीच्या लाकडावर चपड्याचे (लाखेचे) पॉलिश करावे की मेण लावावे? आतली काजळी किती ठेवावी? आटे पुन्हा अडकू नयेत म्हणून त्यांवर शिसपेन्सिल घासण्याचा विचार आहे, तो योग्य आहे काय?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षे काम केले. पाइपचा छंद नाही, ॲल्युमिनियमची सवय आहे. त्या आधारावर लिहितो.

खड्डे काढू नका. खड्डा काढणे म्हणजे त्याच्या भोवतालचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवणे, दुसरा मार्ग नाही. तुमच्याकडे बशीची भिंत मुळात पातळ, त्यात अक्षरे. टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने खड्ड्यातील पांढरी भुकटी मोकळी करा, कोमट साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन आतले मीठ जाऊ द्या, आणि लगेच पूर्ण वाळवा. मीठ राहिले तर वर काहीही लावा, खालून पुन्हा पोखरत राहील. तारेचा ब्रश वापरू नका. लोखंडाचे किंवा पितळेचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि दमट हवेत तिथूनच नवी झीज सुरू होते. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक तर जवळपासही नको, त्यात हा धातू अक्षरशः विरघळतो. भांडी चमकवणाऱ्याकडे बफिंगला देण्याचा मोह कुणी घालेल, तोही टाळा. फिरत्या चाकाखाली अक्षरांच्या कडा काही सेकंदांत गोल होतात.

करड्या भागाबद्दल घाई करू नका. ॲनोडायझिंगचा थर वीज अडवतो हे खरे, पण वाळलेले कीट आणि मळही अडवतात. अल्कोहोलने तो भाग नीट पुसा, टोके जरा दाबून पुन्हा लावा आणि मग ठरवा. उघडा धातू असेल तर मऊ सुती कापड आणि धातूचे पेस्ट-पॉलिश पुरे, तेही हाताने, लांबीच्या दिशेने.

पेन्सिल नको. शिसपेन्सिलीत ग्राफाइट असते. ग्राफाइट, ॲल्युमिनियम आणि कोकणातील दमट खारी हवा एकत्र आली की झिजते ते ॲल्युमिनियम. आट्यांवर मधमाशांचे मेण नखभर लावा.

तोटीबाबत वडिलांचे ऐका, आणि ते केवळ भावनेपोटी नव्हे. रबराला आपला मूळ आकार आठवतो, नायलॉन असे परत येत नाही. जास्त तापवले तर ते मऊ होऊन वितळते. खड्डा सुपर ग्लूने भरण्याचे म्हणाल, तर नायलॉनला तो धड धरत नाही आणि चार महिन्यांत खपली निघते. धातूला चिकटपट्टी लावून झाका आणि तोटीवरून ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवा. ओरखडे जातील, खुणा राहतील.

लाकडाला चपडा नको, कारण तो अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि वाटी तापली की मऊ पडतो. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचे कठीण मेण) ८२ ते ८६ अंशांना, म्हणून वाटीच्या बाहेरून कार्नोबा. कपाटात ठेवायचे असेल तर दोन्ही चालतील. काजळी नाण्याच्या जाडीएवढी राहू द्यावी, असे पाइपवाले सांगतात. सगळी खरवडायला गेलात तर चाकू लाकडात जाईल.

धागाकर्त्याचे उत्तर

काका, मनःपूर्वक आभार. बशी चार वेळा धुतली आणि भुकटी काडीने काढली. खड्डे आहेत तिथेच आहेत, पण त्यांतील पांढरेपणा गेल्यामुळे ते आता नजरेला टोचत नाहीत. करडा भाग तीन वेळा पुसल्यावर बझर सगळीकडे वाजला, तेव्हा तो थर नव्हता, आजोबांच्या तंबाखूचेच कीट होते. पेस्ट-पॉलिश मी फक्त दांडीला केले, बशीचे बूड तसेच ठेवले आणि अक्षरांत बारीक खडूची पूड भरून पाहिली, तर ‘इंग्लंड’मधील शेवटची दोन अक्षरेही वाचता आली.

तोटी कालच झाली. वडिलांनी पाइप हातात घेतला, काही न बोलता दातांत धरला आणि खुणा आपल्या दातांना जुळत नाहीत असे सांगून परत दिला. आत्यांना चिंचेबद्दल अजून सांगितलेले नाही.

एक प्रश्न उरला आहे. वाटीच्या काठावर काडेपेटीच्या काड्यांनी जळलेला अर्ध्या बोटाएवढा काळा पट्टा आहे. ओल्या कापडाने निम्मा निघाला, उरलेला लाकडात मुरलेला दिसतो. काठ घासल्यास वाटीची उंची कमी होऊन तिचा आकार बिघडेल असे वाटते. न घासता तो आणखी फिका करण्याचा काही उपाय आहे काय? आणि पुण्यात शुद्ध कार्नोबा मेण सुटे कुठे मिळेल? गाडीच्या पॉलिशच्या डब्यांवर त्याचे नाव असते, पण त्यात इतर द्रावणेही मिसळलेली असतात, म्हणून ते लाकडाला लावण्यास मन धजत नाही.