मॅक्रोसाठी जुने बेलोज आजही घ्यावे का?

धागाकर्ता : कोल्हापूरच्या गुजरीतील सराफांसाठी साजाच्या (गळ्यातील दागिन्याच्या) पानांवरचे नक्षीकाम टिपणाऱ्यांनी महाग मॅक्रो (अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या) लेन्सआधी फिल्मच्या काळातील बेलोज (कॅमेरा आणि लेन्स यांमध्ये बसणारा, रुळावर लांबवता येणारा घड्यांचा भाता) आणि एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापण्याच्या यंत्राची) ५० मिमी लेन्स यांचा विचार करावा, असे माझे मत आहे. बहुतेक मॅक्रो लेन्स १:१ वर थांबतात, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा फार तर वस्तूएवढी होते; पण ५० मिमीची लेन्स अनंतावरील फोकसच्या जागेपासून १५० मिमी पुढे सरकवली, की प्रतिमा तिप्पट होते. एन्लार्जरची लेन्स मुळात सपाट निगेटिव्हसाठी घडवलेली असल्याने कडाही रेखीव येतात.

प्रतिसाद १ : आपले गणित बरोबर आहे, मात्र त्याची किंमत आपण सांगितली नाही. तिप्पट आकाराला एफ ८ हे लेन्सचे छिद्र (आकडा मोठा तितके ते बारीक) प्रत्यक्षात एफ ३२ सारखे वागते, प्रकाश चार स्टॉपने, म्हणजे सोळाव्या हिश्श्यापर्यंत घटतो आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) रेखीवपणा जातो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात, वाऱ्याने हलणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या इवल्या रोपासमोर हे लटांबर मांडून दाखवावे! तिथे १२, २० आणि ३६ मिमीच्या, विद्युत जोडणी असलेल्या ट्यूबच (कॅमेरा आणि लेन्स यांमध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) उपयोगी पडतात, कारण छिद्र कॅमेऱ्यावरूनच चालते.

धागाकर्ता : पठाराबाबत वाद नाही, मी टेबलावरील कामाविषयी लिहिले होते. मात्र प्रकाशाची घट हा बेलोजचा दोष नसून मोठ्या प्रतिमेची अटच आहे; ट्यूब जोडून तिप्पट गाठली तरी ती चुकत नाही. म्हणूनच एफ ४ वर ठेवून, म्हणजे प्रत्यक्षात एफ १६ वर, रुळावर थोडे थोडे सरकत अनेक चित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर एकत्र करावीत. दागिना हलत नाही, त्यामुळे घाईही नसते.

प्रतिसाद २ : दोघांच्याही लिखाणात जुन्या वस्तूच्या अवस्थेचा मुद्दा राहिला. आपल्याकडील पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि बेलोजच्या घड्या कोपऱ्यांवर आधी फाटतात. काळोख्या खोलीत आत टॉर्च धरून बेलोज पूर्ण ताणावा. सुईएवढे छिद्रही लगेच दिसते. शिवाय काही कॅमेऱ्यांची जाड पकड रुळाला अडते, तेव्हा मध्ये एक पातळ ट्यूब घालावी लागते. विक्रेता ही तपासणी करू देत नसेल, तर तो बेलोज स्वस्तातही घेऊ नये.

प्रतिसाद १ : मग दुरुस्ती, अडॅप्टर आणि दोन फ्लॅश धरून एकूण खर्च किती होतो, तेही धागाकर्त्यांनी मांडावे. माझ्या मते दागिन्यांच्या बहुतेक कामाला १:१ पुरेसे असते.