शब्दचर्चा: समुद्रपुष्पाचे संस्पर्शक 'लांबतात', 'आकसतात' की 'कोमेजतात'?

खारं पाणी:
घरी समुद्री टँक ठेवणाऱ्या आमच्या मराठी गटासाठी मी देखभालीचं माहितीपत्रक लिहिते आहे. बबल टिप अ‍ॅनेमोनी या समुद्रपुष्पाच्या जातीपाशी येऊन अडले. दुकानातून आणताना त्याच्या टेंटॅकलच्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांच्या, टोकाला टपोरा फुगा असतो. घरी आल्यावर बऱ्याचदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते फुगे नाहीसे होतात आणि टेंटॅकल लांब, बारीक, निमुळते होतात. काहींचे फुगे परत येतात, काहींचे कधीच येत नाहीत. गटात यासाठी तोंडाला येईल ते क्रियापद वापरलं जातं: सुकला, कोमेजला, उतरला, बिघडला. मग उपायही त्या शब्दाप्रमाणे होतात. कोमेजला म्हटलं की कुणीतरी दिवे वाढवतं, सुकला म्हटलं की दगडावरून सोडवून त्याची जागा बदलतं. त्या ओढाताणीत प्राण्याचा तळ फाटतो आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. म्हणून शब्द नेमके हवेत. टेंटॅकलला काय म्हणू, त्या फुग्याला काय म्हणू, आणि या बदलाला 'रूपांतर' म्हटलं तर चालेल का?

जुना प्राणिशास्त्रवाला:
ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. 'रूपांतर' किंवा 'रूपांतरण' नको. प्राणिशास्त्रात तो शब्द सुरवंटाचं फुलपाखरू होणं, भैकेराचा (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाचा) बेडूक होणं यासाठी राखलेला आहे. त्यात शरीराची घडण बदलते आणि मागे फिरता येत नाही. इथे घडण तीच राहते, आकार तेवढा बदलतो, आणि तोही उलट फिरू शकतो. 'विकृती' तर अजिबात नको, त्यात दोष गृहीत धरला जातो. साधं 'आकारबदल' म्हणा.

प्राण्याला 'समुद्रपुष्प' म्हणा, मराठी विश्वकोशानेही तोच शब्द घेतला आहे. टेंटॅकलला 'संस्पर्शक'. काही जण 'शुंडक' लिहितात, तोही चुकीचा नाही, पण शुंडक म्हटलं की सोंडेचं चित्र उभं राहतं आणि सोंडेला टोकाशी भोक असल्यासारखं वाटतं. 'पाकळी' मात्र टाळा. नाव पुष्प असलं तरी हा प्राणी आहे, मासे-कोळंबी खातो, आणि त्याच्या संस्पर्शकांवर दंशकोशिका, म्हणजे डंख मारणाऱ्या पेशी, असतात.

आकार कसा बदलतो तेही पत्रकात दोन ओळींत यावं असं मला वाटतं, कारण क्रियापद त्यावरच ठरतं. समुद्रपुष्पाला हाड नाही, कवच नाही. आत पोकळी, तिच्यात पाणी, आणि त्या पाण्याच्या दाबावर सगळा देह उभा. संस्पर्शक ही आतून पोकळ नळी आहे आणि ती पोकळी शरीराच्या मुख्य पोकळीला जोडलेली असते. नळीच्या भिंतीत दोन प्रकारचे स्नायू. बाहेरच्या थरातले लांबीच्या दिशेने जातात, ते आवळले की संस्पर्शक आखूड होतो. आतल्या थरातले कड्यासारखे गोल फिरतात, ते आवळले की नळी बारीक होते आणि पाणी पुढे सरकून ती लांबते. एखाद्या पट्ट्यातले गोल स्नायू सैल राहिले आणि आतून दाब कायम असला, की तेवढाच भाग बाहेर फुगतो. म्हणजे फुगलेला आणि लांबलेला, दोन्ही आकार एकाच नळीचे, एकाच पाण्याचे.

रीफकर:
सरांनी पाया घातलाय, त्यावर मी टँकमधलं सांगतो.

फुग्यासाठी माझी सूचना 'बोंड'. 'बुडबुडा' मला खटकतो, कारण बुडबुड्यात हवा असते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्या माणसांनी खरंच विचारलंय की या फुग्यांत हवा भरायला एअरपंप जोरात लावायचा का. आत फक्त पाणी असतं. शिवाय नीट पाहिलं तर फुगवटा अगदी टोकाला नसतो, टोकाच्या जरासा खाली असतो. त्याच्यावर पुष्कळदा एक फिकट पांढरं कडं आणि वर लालसर किंवा गुलाबी टोक निघालेलं दिसतं. कपाशीचं न उमललेलं बोंड डोळ्यासमोर आणा: खाली गोल, वर चिमटीत धरल्यासारखं टोक. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला चित्राशिवाय कळेल.

शास्त्रीय नावाचाही आधार आहे. आज हा प्राणी एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर म्हणून ओळखला जातो. तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून 1828 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं, आणि क्वाड्रिकलर म्हणजे चार रंगांचा. पुढे वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांना वेगवेगळी नावं मिळत गेली. त्यांतलं एक फायसोब्रॅकिया, म्हणजे साधारण 'फुगीर बाहूंचा'. आज ते नाव याच जातीत विलीन झालंय. म्हणूनच माझा आग्रह आहे की प्राण्याचं मराठी नाव 'बोंडवालं समुद्रपुष्प' असं करू नये. बोंड असो-नसो, जात तीच. गुणविशेष कायमचा नसेल तर तो नावात घातला की वाचणारा तो शोधत बसतो.

आता क्रियापदं. मी चार वेगळी ठेवतो आणि गटातही तशीच वापरायला सांगतो.

लांबणे: बोंड गेलं, संस्पर्शक लांब आणि निमुळता झाला, पण ताठरपणा आहे, रंग आहे, प्रवाहाबरोबर हलतो, कोळंबीचा तुकडा लागला की चिकटतो. हे आजारपण नाही. काही करायचं नाही.

आकसणे: सगळा देहच लहान होतो, संस्पर्शक बुटके होतात. समुद्रपुष्प आतलं पाणी बाहेर टाकून नवं घेतं, तेव्हा असं होतं. खाल्लेल्याचा चोथाही तोंडातूनच बाहेर येतो, कारण दुसरी वाट नाही. काही तासांत परत उघडलं तर काळजी नको.

फिकटणे: आकार कसाही असो, रंग जातो. संस्पर्शकांच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवालं निघून जातात आणि प्राणी पांढरा पडतो. याला प्रवाळांप्रमाणेच 'विरंजन' म्हणतात. पांढराशुभ्र अ‍ॅनेमोनी दुकानात सुंदर दिसतो, पण शैवालांकडून मिळणारं अन्न बंद झाल्याने तो उपाशी असतो. भडक पिवळे किंवा जांभळे दिसणारे कधी कधी रंगात बुडवलेले असतात, तेही घेऊ नयेत.

सडणे: तोंड उघडं पडून आतले पडदे बाहेर येतात, तळ कशालाच धरत नाही, अंगाचे धागे सुटतात, पाण्याला वास येतो. इथे मात्र वाट पाहायची नाही, लगेच बाहेर काढायचं. मेलेलं समुद्रपुष्प सगळा टँक घेऊन जातं.

'कोमेजला' या शब्दाचा घोटाळा हा की तो या चारही अवस्थांना चिकटतो. झाडाची पानं कोमेजतात तेव्हा त्यांत पाणी कमी पडलेलं असतं. इथे पाणी भोवती भरपूर आहे. पत्रकातून तो काढाच.

खारं पाणी:
दादा, पटलं. पण पत्रक वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न 'का' हाच असणार. बोंड जातं कशाने? कुणी म्हणतं प्रकाश कमी, कुणी म्हणतं प्रवाह जास्त, कुणी म्हणतं सोबत नेमो, म्हणजे विदूषक मासा, नाही म्हणून.

रीफकर:
तिथे वाक्यरचना जपून करा. 'प्रकाश कमी असल्याने बोंड जाते' असं ठाम लिहू नका, कारण एकच कारण सिद्ध झालेलं नाही. प्रकाश हे कारण पटण्याजोगं वाटतं: शैवालांना ऊन कमी मिळालं तर संस्पर्शक लांबवून जास्त पृष्ठभाग पुढे करणं फायद्याचं. पण एकाच टँकमध्ये, एकाच दिव्याखाली, एकमेकांना लागून असलेल्या दोघांपैकी एकाला बोंडं आणि दुसऱ्याला नाहीत, हे कितीतरी जणांनी पाहिलंय. एकाच प्राण्यावर दोन्ही आकारही दिसतात. प्रवाह, आहार, वय, आकारमान, प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध उदाहरणं आहेत. तेव्हा 'याशी संबंध असू शकतो' एवढंच लिहा. आणि बोंड परत आणण्यासाठी दिवे, पाणी, जागा रोज बदलू नका, हे ठळक अक्षरांत. स्थिर खारटपणा, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास, तापमान 25-26 अंश, पुरेसा प्रकाश, अधूनमधून छोटा मांसल तुकडा. प्राणी ठीक आहे की नाही ते तो तुकडा धरतो का यावरून आणि रंगावरून ओळखायचं.

कांगारूकाठ:
माशाबद्दल मी सांगते. मी ऑस्ट्रेलियात राहते, डायव्हिंग करते. न्यू साउथ वेल्सच्या कॉफ्स हार्बरजवळ नॉर्थ सॉलिटरी बेट आहे, तिथल्या एका खाडीचं नावच अ‍ॅनेमोनी बे. ही जात तिथे इतकी दाट आहे की खडक झाकून जातो, आणि विदूषक मासे त्यातून सतत ये-जा करत असतात. निसर्गात सगळ्यांना टपोरी बोंडं असतात आणि घरच्या टँकमध्ये जातात, असा समज असेल तर तो काढून टाकावा. समुद्रातही निमुळते संस्पर्शक भरपूर दिसतात.

विदूषक मासे सोबत असतील तर बोंडं जास्त दिसतात, असं पाणबुड्यांचं जुनं निरीक्षण आहे. मासा नुसता भाडेकरू नाही. त्याच्या उत्सर्जनातला अमोनिया समुद्रपुष्पातल्या शैवालांना खत म्हणून मिळतो. समुद्रपुष्प खायला येणाऱ्या फुलपाखरी माशांना तो हाकलतो. रात्री संस्पर्शकांत वळवळून पाणी खेळतं ठेवतो, त्याने ऑक्सिजन पोचतो, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांबड्या समुद्रातल्या माशांवरच्या अभ्यासात दाखवलं गेलं. तरी टँकमध्ये मासा सोडला की बोंडं येतीलच, असं नाही. नुकत्याच आणलेल्या, अजून न रुळलेल्या लहान अ‍ॅनेमोनीला मोठ्या माशाच्या अंगचटीचा त्रासच होतो.

आणि 'होस्ट'ला 'यजमान' लिहा. यजमान म्हणजे ज्याच्या घरी पाहुणा उतरतो तो, अर्थ नेमका बसतो. शास्त्रीय मराठीत परजीवींच्या बाबतीत 'आश्रयी' वापरतात, पण इथे मासा परजीवी नाही.

ओहोटी:
रीफकर दादांच्या चार क्रियापदांत एक पाचवं घालावं असं सुचवते: मिटणे. मुंबईत हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडपावर ओहोटीला गेलात तर आपल्याकडची छोटी समुद्रपुष्पं दिसतात. पाणी उतरलं की ती संस्पर्शक आत ओढून वरून कड बंद करतात, नुसता ओला गोळा उरतो. भरती आली की पुन्हा उघडतात. हे आकसणं नाही, कारण संस्पर्शक दिसतच नाहीत. हात लावला तरी मिटतात. बबल टिपही घाबरला की पुष्कळसा मिटतो, त्यामुळे पत्रकात हा शब्द हवा.

जुना प्राणिशास्त्रवाला:
बाई, अगदी योग्य. मिटणं ही संरक्षणाची हालचाल आहे, आकसणं ही पाण्याची उलाढाल. एक भर माझी: 'लांबणे' आणि 'लोंबणे' यांत गल्लत करू नये. प्रश्न विचारताना ताईंनी 'लांब, बारीक, निमुळते' लिहिलं ते बरोबर आहे, पण गटांत लोक सर्रास 'लोंबतात' लिहितात. लांबलेल्या संस्पर्शकात दाब असतो, तो स्वतःचा भार पेलतो. लोंबणारा संस्पर्शक दाब गेल्यामुळे खाली पडलेला असतो, पंप बंद केला तर तिथेच निपचित राहतो. दिसायला दोन्ही लांबच. पहिला निरोगी असू शकतो, दुसऱ्याकडे लक्ष द्यायला हवं.

रीफकर:
सर, हा फरक मी आजपासून वापरणार. अजून एक: तोंड लांबट होऊन देह दोन बाजूंना ताणला गेला तर नवखा माणूस घाबरतो. ते बहुधा 'दुभंगणे' असतं. ही जात मधोमध विभागून दोन होते, आणि दोन्ही भाग जगतात. उथळ पाण्यातले मोठे थवे असेच तयार झालेले असतात, एकाच प्राण्याच्या प्रतींचे.

खारं पाणी:
सगळ्यांचे आभार. संस्पर्शक, बोंड, यजमान, आकारबदल घेते. क्रियापदं लांबणे, लोंबणे, आकसणे, मिटणे, फिकटणे, सडणे, दुभंगणे. लिंगाचं तेवढं सांगा. गटात कुणी 'तो अ‍ॅनेमोनी' म्हणतं, कुणी 'ती'.

जुना प्राणिशास्त्रवाला:
बोलताना 'तो अ‍ॅनेमोनी' रुळलाय, राहू द्या. लिहिताना 'ते समुद्रपुष्प', 'तो संस्पर्शक', अनेकवचनी 'ते संस्पर्शक'. 'ते बोंड', 'ती बोंडं', आणि विभक्तीत 'बोंडाचा', 'बोंडांना'. 'बोंडे गेली' असं छापलंत तरी चालेल, फक्त पत्रकभर एकच रूप ठेवा.