मसाला लाटे घरी जमत नाहीये: दूध नासतं, दालचिनी बुळबुळीत होते. मदत हवी आहे

सांगलीकर_काकू:

मंडळी, तीन दिवसांत दीड लिटर दूध वाया घालवलंय. घरातले आता स्वयंपाकघरात डोकावून हसून जायला लागलेत, म्हणून इथे आले.

झालं असं, की गेल्या महिन्यात आठ दिवस लेकीकडे बंगळूरला राहून आले. तिथे तिने एका कॅफेत मला स्पाइस्ड लाटे, म्हणजे मसाला घातलेली दुधाळ कॉफी, पाजली. दालचिनी, जायफळ, किंचित आलं, सगळं लागत होतं पण कुठलंच पुढे पुढे करत नव्हतं. वर मऊ फेस. मी मनात म्हटलं, यात काय आहे? आयुष्यभर चहाचा मसाला घरी कुटतेय, हेही जमेल. आल्या आल्या सासूबाईंना सांगितलं, आज लाटे करणार आहे. त्या म्हणाल्या, "कणीक तर भिजवलेली दिसत नाही."

पहिला दिवस: आलं किसून, पिळून रस काढला. रस कपात घातला, वरून चांगलं गरम दूध ओतलं आणि तेवढ्यात फोन आला. पाच-सात मिनिटांनी येऊन बघते तर कपात खरवस! खोटं नाही सांगत, चमचा उभा राहत होता.

दुसरा दिवस: आलं रद्द. दालचिनीची पूड सपाट चमचाभर थेट कॉफीत. पहिले दोन घोट बरे लागले. मग तळाशी जे काही जमलं होतं त्याला सभ्य शब्द नाही. बुळबुळीत, तार धरणारं. मोरीत ओतलं.

तिसरा दिवस: तीन लवंगा खलबत्त्यात कुटून दुधात उकळल्या. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसून कॉफी प्यायल्यासारखं वाटलं.

माझ्याकडे आहे ते असं: गॅस, बरणीतली इन्स्टंट कॉफी, लेकीने दिलेला मोका पॉट (गॅसवर कॉफी काढायचं भांडं, खोक्यातून काढलेला नाही), ताकाची रवी आणि गवळ्याकडचं म्हशीचं दूध. मशीन घेणार नाही, ओटा आधीच भरलेला आहे. फेससुद्धा नीट येत नाही, मोठे मोठे बुडबुडे येतात आणि बसतात.

घाई अशी, की येत्या शनिवारी भिशी माझ्याकडे आहे. अकरा जणी. आणि मी ग्रुपवर आधीच टाकून बसलेय, "या वेळी चहा नाही."

फिल्टरप्रेमी:

काकू, राग मानू नका, पण हा उद्योग हवाच कशाला? आपल्याकडे जायफळ घातलेली कॉफी पिढ्यान् पिढ्या होतेय. दूध, साखर, कॉफी, वर चिमूटभर जायफळ. लग्नाच्या मांडवात पहाटे मिळायची ती आठवा. तीच कॉफी कॅफेवाल्यांनी इंग्रजी नाव देऊन पावणेतीनशेला विकायला काढली आहे.

सांगलीकर_काकू:

ती येते हो मला. पण "या वेळी चहा नाही" लिहून नेहमीची कॉफी दिली तर वर्षभर ऐकावं लागेल.

पातेलं_आणि_परीक्षानळी:

खरवस वाचून जाम हसलो. काकू, तुम्ही नकळत चीनमधलं एक पक्वान्न केलंत. तिकडे ग्वांगदोंग प्रांतात आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि न हलवता ठेवतात, दूध दह्यासारखं घट्ट होतं. साखर घालून चमच्याने खातात.

आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, झिंजिबेन नावाचं. चीज करायला रेनेट घालतात ना, तसंच काम ते दुधावर करतं. ६०-७० अंशांच्या आसपास त्याला सगळ्यात जोर येतो, म्हणजे पिण्याजोग्या गरम दुधाच्या तापमानालाच. खळखळ उकळलं की ते मरतं. चहात आलं का चालतं? कारण तिथे आलं आधी पाण्यात उकळतं, दूध मागून येतं. तुम्ही नेमका उलटा क्रम केलात.

दालचिनीचं असं, की पूड पाण्यात विरघळत नाही, फुगते. त्यात बुळबुळीत द्रव्य असतं, ते पाणी धरून बसतं. पूड अगदी शेवटी फेसावर भुरभुरण्यापुरती. चव हवी असेल तर काडी उकळा आणि काढून टाका.

लवंगेचं काही चुकलं नाही, फक्त तीन म्हणजे फार झाल्या. लवंगेचं तेल दातदुखीवर लावतातच, तोच वास तुम्हाला आला. एका कपाला अर्धी लवंगसुद्धा जास्त होते.

सांगलीकर_काकू:

अर्धी लवंग! ती कशी घालायची, चिरून?

एडिसनकर:

काकू, इथेच सगळी गोम आहे. एका कपाचा मसाला मोजता येत नाही, म्हणून कॅफेत कोणी मसाला दुधात घालतच नाहीत. तो पाकात घालतात. मी न्यू जर्सीत राहते, ऑक्टोबर लागला की इकडे ज्याच्या त्याच्या हातात भोपळ्याच्या मसाल्याची लाटे असते. स्टारबक्सने ती २००३ मध्ये आणली आणि २०१५ पर्यंत तिच्यात भोपळ्याचा कणही नव्हता, फक्त इकडच्या भोपळ्याच्या 'पाय' (pie) नावाच्या गोड पदार्थात पडणारे मसाले. मला आधी वाटायचं भोपळाच घालत असतील. म्हटलं, लाल भोपळा, गूळ, जायफळ, हे तर आमचे घारगे झाले, कपातून का पितायत?

माझा पाक असा. वाटीभर पाणी उकळत ठेवा. बोटभर लांबीच्या दालचिनीच्या दोन काड्या, दोनच लवंगा, सहा वेलदोडे सालासकट ठेचून, पेरभर आल्याच्या चकत्या. झाकण ठेवून मंद गॅसवर दहा मिनिटं. मग वाटीभर साखर. विरघळली, एक उकळी आली की बंद. तार येऊ द्यायची नाही, बोटाला नुसता चिकट लागला की पुरे, नाहीतर गार झाल्यावर गुलाबजामचा पाक होतो. तसाच झाकून अर्धा तास मुरू दे, मग गाळा. जायफळ गाळल्यावर, कोमट असताना किसून. स्वच्छ कोरड्या बाटलीत फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात राहतो. कपाला एक मोठा चमचा, फार गोड आवडत असेल तर दीड.

आलं पाण्यात दहा मिनिटं उकळलेलं असतं, त्यामुळे दूध नासायचा प्रश्नच मिटला. आणि अर्धी लवंग चिरायलाही नको.

हळदीचा_पेव:

सांगलीत राहून हळदीची गोल्डन लाटे नाही सुचली?

सांगलीकर_काकू:

हळदीचं दूध आमच्याकडे सर्दी झाल्यावर मिळतं. भिशीला दिलं तर सगळ्या विचारतील, कोण आजारी आहे.

एडिसनकर, हे फारच सोपं वाटतंय. साखरेऐवजी गूळ चालेल? आणि जायफळ किती?

एडिसनकर:

पाकात गूळ चालतो, पण गुळात थोडी आम्लता असते, काही गुळांनी गरम दूध फाटतं. घरी प्या, अकरा जणींवर प्रयोग नको.

वाडीतला_माणूस:

जायफळाचं मी सांगतो, आमच्या दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागेत आंतरपीक म्हणून लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जातीही आहेत. तयार पूड आणू नका. तिचा वास डबा दोन-चार वेळा उघडेपर्यंत टिकतो, मग नुसता भुसा. अख्खं जायफळ घ्या, बारीक किसणीवर चार-पाच वेळा घासा, वाटीभर पाकाला तेवढं खूप. हात सैल सोडू नका, जास्त जायफळाने मळमळतं आणि गुंगी येते. बाळाला उगाळून देतात तेसुद्धा सहाणेवर दोन वळसेच, ते उगाच नाही.

जायपत्री मिळाली तर तिची एखादी पाकळी पाकात टाका. जायफळावरचं लाल जाळीदार वेष्टन ते. वास तोच, पण हलका. दुधाशी मला तीच जास्त आवडते.

आणखी एक. बाजारातली जाड, एकाच वळणाची दालचिनी म्हणजे बहुतेक वेळा कॅशिया. तिखट असते, जास्त बुळबुळते. खरी दालचिनी पातळ, विडीसारखी पदरावर पदर गुंडाळलेली, हाताने चुरता येते. ही घेतलीत तर दोनच्या तीन काड्या घाला.

सांगलीकर_काकू:

काल पाक केला. घरभर असा वास सुटला, की सासूबाई विचारत आल्या, कोजागिरी कधी आहे म्हणून. चव उत्तम. पण कॉफीचं गाडं अडलंय. मोका पॉट खोक्यातून काढला, त्यात बरणीतली कॉफी भरायची ना?

फिल्टरप्रेमी:

अहो नाही नाही नाही! इन्स्टंट म्हणजे आधीच काढून वाळवलेली कॉफी, ती त्यात सगळी विरघळून जाईल. मोका पॉटला दळलेली कॉफी लागते, रव्यापेक्षा थोडी बारीक. पाकिटावर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के छापलेलं असतं ते वाचा, लाटेला बिनचिकोरीची घ्या. खालच्या भांड्यात झडपेच्या खाली राहील इतपत पाणी. मधल्या चाळणीत कॉफी भरा पण दाबू नका. गॅस मंद. फुसफुस आवाज आला की लगेच उतरवा, नाहीतर कडू जळकी होते.

(वर मी नाकं मुरडली होती, पण मोका पॉट असलेल्या माणसाला मदत न करणं मला शोभत नाही. १९३३ सालापासून इटलीतल्या बायका गॅसवर हेच करतात, त्यांच्या ओट्यावरही मशीन नसतं.)

ही खरी एस्प्रेसो (मशीनच्या दाबाने काढतात ती दाट कॉफी) नव्हे. तिला ९ बार दाब लागतो, इथे जेमतेम एक-दोन. पण दुधात मिसळायला पुरेशी दाट. ४० मिली कॉफी, १५० मिली दूध, बस.

पातेलं_आणि_परीक्षानळी:

आता फेस. तुम्ही दूध उकळून मग घुसळत असणार. उकळलेल्या दुधाचा फेस टिकत नाही आणि चवही बासुंदीकडे झुकते. गवळ्याचं दूध सकाळी उकळून घ्यावंच लागतं, ते घ्या, पण फ्रीजमध्ये गार करा, साय पूर्ण काढा. मग त्यातलं लागेल तेवढं ६०-६५ अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला तळहात लावा, चटका बसून हात मागे घ्यावासा वाटला की गॅस बंद.

म्हशीचं दूध फार स्निग्ध असतं, फेस प्रथिनांमुळे उभा राहतो. थोडं गायीचं मिसळून बघा. रवी जोरात फिरवली की मोठे बुडबुडे येणारच. रवीचं डोकं दुधाच्या पृष्ठभागाशी दहा सेकंद, मग खाली बुडवून अर्धा मिनिट. शेवटी पातेलं ओट्यावर दोनदा आपटा, मोठे बुडबुडे फुटतात. झाकणाची बरणी अर्धी भरून हलवली तरी चालतं, फक्त फडक्यात धरा आणि झाकण दाबून ठेवा.

सांगलीकर_काकू:

शुक्रवार रात्र. जमली! बरणीत हलवण्याचा प्रकार जास्त सोपा गेला. कपात आधी पाक, मग कॉफी, ढवळून मग दूध. वर फेसावर किंचित जायफळ. नवऱ्याने पूर्ण कप संपवला आणि म्हणाला, "कॅफेत गेल्यासारखं वाटतंय, बिल कुठे?"

पण मोका पॉटमधून एका वेळी तीनच कप निघतात. अकरा जणींना कसं पुरवू?

फिल्टरप्रेमी:

सकाळी चार खेपा काढून थर्मासमध्ये भरा. दोन-तीन तासांत वापरा. पाक त्यातच घालून ठेवलात तर आयत्या वेळी फक्त दूध.

सांगलीकर_काकू:

रविवार. उशिरा लिहितेय, पण सांगायला हवं. दूध तीन घाण्यांत तापवलं, बरणी हलवायला दोघींना कामाला लावलं. आठ जणींना आवडली, त्यातल्या तिघींनी पाकाची कृती मागितली. एकीने विचारलं, "यात साखर कमी घालता येते का?", दोघींनी हळूच चहा मागितला. पुढच्या भिशीवालीने ग्रुपवर लिहिलंय, "या वेळी चहाच."

आज सकाळी उरलेला पाक फ्रीजमध्ये सापडेना. सासूबाईंनी शिऱ्यात घातला होता. शिरा चांगला झालाय, त्यात लवंग कळत नाही.