मदत हवी आहे: स्मृतिचित्रेनंतर काय वाचू?

नमस्कार मंडळी, गेल्या काही महिन्यांत जे हाताला लागेल ते वाचत सुटलेय, कसलाच क्रम नाही. बनगरवाडी (१९५५) दोन बैठकीत संपलं, इतकं कमी बोलून माणसं कशी उभी केलीत याचं नवल वाटतंय आणि शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते तिथे तर मी पुस्तक मिटून बसूनच राहिले. कोसला (१९६३) सुरुवातीला जड गेलं खरं, पण नायकाची धाकटी बहीण मनी जाते तो भाग वाचला आणि मत पार बदललं. बलुतं थांबत थांबत वाचलं, सलग झेपत नाही. एक मोठं भाषांतरित इतिहासाचं पुस्तकही घेतलं होतं, ते अर्ध्यावर सोडलं, भाषा फार कोरडी वाटली.

पण सगळ्यात जीव जडला तो स्मृतिचित्रेवर. लक्ष्मीबाई टिळक समोर बसून आपलं आयुष्य सांगतायत असंच वाटतं, दुःखाचं सांगताना पण मधेच हसवतात. तर असं बोलल्यासारखं लिहिलेलं, बायकांनी लिहिलेलं आत्मचरित्र अजून कुठलं आहे का? अलीकडचं असलं तरी चालेल, फक्त उपदेश नको. आणि तुम्हाला ते का आवडलं तेही दोन ओळीत सांगा ना प्लीज.