मदत हवी आहे : ब्रॉयलरला ‘पोट भरलं’ हे कळत नाही का?

नमस्कार मंडळी. मी गावरान आणि ब्रॉयलर दोन्ही पाळतो. सकाळी खाद्य टाकलं की गावरान कोंबडी थोडा वेळ टिपते आणि उकिरडा उकरायला निघून जाते. ब्रॉयलर मात्र गळ्याखालची पिशवी हाताला टणक लागेपर्यंत भरली, तरी भांड्यापाशी बसून खातच राहतो.

म्हणून भुकेच्या हार्मोनांबद्दल वाचायला घेतलं आणि घ्रेलिनपाशी अडलो. माणसात, उंदरात ते भूक वाढवतं. कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूत टोचलं, तर ती उलट कमी खातात! आणि उपाशी ठेवल्यावर रक्तातलं घ्रेलिन कोंबडीतही वाढतंच. मग ते वाढून नेमकं काय करतं? हे कोडं काही केल्या सुटत नाहीये.

दुसरं, आतड्यातलं कोलेसिस्टोकायनिन हे हार्मोन ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूला देतं. पिढ्यान्‌पिढ्या झटपट वाढणारे पक्षी निवडताना ब्रॉयलरमध्ये हा निरोपच क्षीण झालाय का? पशुवैद्यकातलं कुणी असेल तर कृपया सोप्या मराठीत सांगा. ब्रीडर पक्ष्यांना (ब्रॉयलर पिल्लांचे आई-बाप) मोजूनच खाद्य द्यावं लागतं, तेव्हाची त्यांची तगमग बघवत नाही हो.